पहिल्या तारखेपासून या

रोजगार केंद्रात तिला सगळे मॅनेजरबाई म्हणत. ती मॅनेजर नव्हती, आणि केंद्राच्या नोकरीतही नव्हती. बाकड्यावर बसून आपलं नाव पुकारलं जायची वाट बघणाऱ्या माणसांपैकीच ती एक. पण आठवड्यातून दोनदा दुपारी ती मागच्या खोलीत टेबलापलीकडच्या खुर्चीत बसायची आणि समोर येईल त्याला विचारायची, "आधीचं काम का सोडलंत?" तेवढ्या वेळेपुरती ती मॅनेजर.

शर्टांच्या कारखान्यात तिची उभी हयात गेली होती. कॉलर तपासायचं काम. कॉलरची दोन टोकं एकमेकांवर धरून बघायची, एक जरा जरी लांब निघालं की शर्ट परत. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. दीर आणि जाऊ यांच्या घरात एक कोपरा तिचा होता, आणि तिचा पगार घरात येत होता तोवर त्याला कोणी कोपरा म्हणत नव्हतं. कारखाना बंद पडला आणि जावेच्या एकदम लक्षात आलं की हिच्या पलंगामुळे खिडकी उघडता येत नाही.

"मी काही म्हणत नाही हं," जाऊ म्हणायची, "पण वारा म्हणून येत नाही घरात."

केंद्र बरं होतं, खोटं कशाला बोला. पूर्वी नाव नोंदवायला गावाच्या एका टोकाला जावं लागे, काही शिकायचं तर दुसऱ्या टोकाला, आणि तब्येतीच्या दाखल्यासाठी आणखी तिसरीकडे. आता सगळं एका छपराखाली आणलं होतं. दारातून शिरलं की नोंदणीच्या खिडक्या, त्यापुढे सल्ला देणाऱ्या ताईचं टेबल, डाव्या हाताला डोळे, कान, छाती तपासायची खोली, आणि वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग. एकदा आत आलेला माणूस नोकरीला लागूनच बाहेर पडला पाहिजे, असं मोठे साहेब म्हणायचे. बाहेर तर सगळेच पडत. संध्याकाळी, शिपाई दार लावायला आला की.

तिने वरच्या वर्गात आजारी माणसाची सेवा करायचं शिक्षण घेतलं होतं. रबरी पेशंटला कुशीवर वळवायचं, त्याच्या पाठीला पावडर लावायची, त्याचा रक्तदाब घ्यायचा. रबरी पेशंटने कधी तक्रार केली नाही. पण खऱ्या पेशंटांचे नातेवाईक पहिल्यांदा तिचं वय विचारायचे आणि मग "कळवतो" म्हणायचे.

खुर्चीची गोष्ट अशी झाली. ताई उमेदवारांकडून मुलाखतीचा सराव करून घ्यायची. ताई वयाने लहान, स्वभावाने मऊ. ती मालक झाली की पोरं हसत सुटायची. एकदा तिचा घसा बसला होता, म्हणून तिने बाकड्यावरच्या या काकूंना आत बोलावलं. "काकू, आज तुम्ही बसा. दोनचार प्रश्न विचारा, बस."

काकू खुर्चीत बसल्या आणि त्यांना आपल्या कारखान्याचे जुने मॅनेजर आठवले. ते एक प्रश्न विचारत आणि गप्प बसत. टेबलावर पेन्सिल इकडून तिकडे लोळवत राहत. त्या गप्प बसण्यानेच समोरच्याच्या पोटातलं ओठांवर यायचं. काकूंनी तसंच केलं. समोर एक पोरगा होता, मगाशी ताईची टिंगल करणारा. पेन्सिल दोनदा लोळली आणि त्याने मांडीवरची मांडी काढली.

"बाप रे," तो बाहेर येऊन म्हणाला, "ही तर खरी मॅनेजरबाई आहे."

तेव्हापासून ती खुर्ची तिची झाली. ताईने एकच अट घातली होती. सराव कसाही होवो, शेवटी प्रत्येकाला म्हणायचं, "ठीक आहे. पहिल्या तारखेपासून या."

"जो धड बोलला नाही त्यालाही?" तिने विचारलं होतं.

"त्यालाही. चुका मी नंतर समजावते. पण काकू, यातल्या कितीतरी जणांना हे वाक्य कोणी कधी म्हटलेलंच नाही. एकदा कानावर पडू दे. मग खऱ्या ठिकाणी माणूस जरा ताठ चालत जातो."

तिला ते पटलं होतं. खुर्चीत बसायच्या आधी ती क्षणभर डोळे मिटायची आणि मनात म्हणायची, देवा, आज यातलं एक तरी माणूस मार्गाला लाव. स्वतःचं नाव ती त्यात घालत नसे. वाढायला उभं राहिलेल्या बाईने आधी आपलंच ताट भरून घ्यावं, तसं ते तिला वाटे. पण देवाला न सांगता एक आशा मात्र तिने धरली होती. सरावाच्या खोलीसाठी केंद्रात एक मदतनीस घ्यायचं घाटत होतं, आणि ताईने मोठ्या साहेबांकडे तिचंच नाव लावून धरलं होतं. "जवळजवळ झाल्यासारखंच आहे," ताई म्हणाली होती. जावेला तिने हे सांगितलं नव्हतं. फक्त येताजाता रस्त्यावरच्या भाड्याच्या खोल्यांच्या खिडक्यांकडे बघायची सवय तिला लागली होती.

त्या दुपारी आत आलेला माणूस खुर्चीत बसला नाही. दाराच्या बाजूला भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"इकडे या. बसा," ती म्हणाली.

"माफ करा, मॅडम. सवयीने उभा राहिलो." तो बसला. पिकलेले केस चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. डोळे लाल आणि ओलसर. तिला वाटलं, रडून आला असेल. बरेच जण यायचे तसे.

"आधी काय करत होतात?"

"लिफ्ट चालवायचो. पाच मजल्यांचं कापडाचं दुकान होतं. मग बटणांची लिफ्ट आली. आता लोक आपलं आपणच दाबतात." तो जरासा हसला. "आता एका लाकडाच्या वखारीत राखणीला असतो. तिथेच पत्र्याची खोली आहे, मी आणि माझी मंडळी राहतो."

"काम आहे, खोली आहे. मग सोडायचं कशाला?" पेन्सिल लोळली.

"मंडळींना भुशाचा त्रास होतो, मॅडम. छातीचा. लाकूड कापलं की भुसा उडायचाच, त्याला मालक तरी काय करणार. झोप आडवं होऊन लागत नाही तिला, बसूनच असते."

ती पुढे विचारत गेली. लिफ्ट चालवून काय शिकलात, हा प्रश्न तिने असाच, सरावातला म्हणून विचारला. त्याने मात्र विचार करून उत्तर दिलं.

"कुणाला घाई आहे ते कळतं, आणि कुणाला जायचंच नाहीये तेही कळतं. दुकानाचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. कामावरून काढायचं असेल त्याला तिथे बोलवायचे. अशा माणसाला मी जरा हळू न्यायचो."

"लिफ्ट कशी हळू नेणार?"

"लिफ्ट नाही, मॅडम. दार हळू लावता येतं."

पेन्सिल तिच्या हातातच राहिली. इतकं सरळ उत्तर त्या खोलीत आजवर कोणी दिलं नव्हतं. आणि ते ठरलेलं वाक्य ती पहिल्यांदाच अगदी पोटातून म्हणाली, "ठीक आहे. पहिल्या तारखेपासून या."

"कुठे यायचं, मॅडम?"

हे कधी कोणी विचारलं नव्हतं. लोक हसायचे, नाहीतर ताईकडे बघायचे. तिला वाटलं, हा माणूस सराव शेवटपर्यंत मन लावून करतोय, तर आपण तरी का मोडायचा. ती म्हणाली, "आधी इथेच या. मग ठिकाण सांगू."

"किती वाजता?"

"दार उघडायच्या वेळेला."

तो उठला, दोन्ही हात जोडले, आणि जाताना दार इतकं अलगद लावून गेला की कडीचा आवाज झाला नाही.

त्या दिवशी काय घडलं होतं ते तिला पुढे कळलं, पण इथेच सांगून टाकलेलं बरं. सकाळी त्या माणसाचे डोळे तपासायला घेतले होते आणि डोळ्यांत औषध घातलं होतं. अंधुक दिसतंय तोवर नुसतं कशाला बसायचं म्हणून खिडकीवरच्या कारकुनाने त्याला सांगितलं, "मागच्या खोलीत मुलाखती चालल्यात, जाऊन या." कारकुनाच्या तोंडी तो रोजचा शब्द. सरावाला कोणी सराव म्हणत नसे. दारावर पाटी होती, पण ती वाचायला डोळे नव्हते. आणि ताई, जी प्रत्येकाला आधी समजावून सांगायची, ती नेमकी मोठ्या साहेबांनी बोलावलं म्हणून वर गेली होती. सगळं एका छपराखाली असल्यामुळे माणूस कुठेही न अडता, एका दारातून दुसऱ्या दारात, सरळ तिच्यासमोर येऊन पोचला होता.

पहिल्या तारखेला ती नेहमीसारखी लवकर येऊन बाकड्यावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. दारात तो उभा होता. अंगात लिफ्टवाल्याचा जुना गणवेश, इस्त्री केलेला. खिशावर दुकानाचं नाव होतं तिथले दोरे उसवून काढले होते, त्याचा गडद चौकोन तेवढा उरला होता. हातात डबा.

शिपाई त्याला म्हणत होता, "मामा, बँडवाले आज बोलावले नाहीत."

"कामावर आलोय," तो शांतपणे म्हणाला. "मॅडमनी बोलावलंय." आणि मग त्याला ती दिसली. त्याने मान लववली. "नमस्कार, मॅडम. जरा आधीच आलो." पुढचं बोलायला तोंड उघडलं, पण नजर तिच्या पिशवीवर गेली, मग बाकड्यावरच्या बाकी माणसांवर, आणि तो थांबला.

आजूबाजूला दोन पोरं हसली. ती उठली आणि त्याला जिन्याखाली घेऊन गेली, जिथे मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही का," ती म्हणाली, "की तो सराव होता?"

"कसला सराव?"

तिने सांगितलं. जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्या.

"म्हणजे तुम्ही मॅडम नाही."

"नाही. मी पण तुमच्यासारखीच. नाव नोंदवून बसलेली."

"मग तुम्ही 'या' म्हणालात ते?"

"ते सगळ्यांनाच म्हणते. म्हणायला सांगितलंय."

त्याने डबा एका मोडक्या खुर्चीवर ठेवला. खुर्ची हलली म्हणून परत उचलला. "वखारीच्या मालकाला सांगून टाकलं मी," तो म्हणाला. "मोठा बरा माणूस. म्हणाला, मामा, चांगलं झालं तुमचं. दुसरा राखणदार ठरवला त्याने. तो आज दुपारी सामान घेऊन येतोय." थोड्या वेळाने म्हणाला, "मंडळींनी काल सगळं बांधून ठेवलंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आडवी होऊन झोपली."

ताई आली तेव्हा ती त्याला घेऊन तिच्या टेबलाशी गेली. ताईने सगळं ऐकलं. "काकू, मीच खाली थांबायला हवं होतं," ती म्हणाली. तिने लगेच वखारीच्या मालकाला फोन लावला. मालक चांगलं बोलला. पण नव्या माणसाला शब्द दिलाय, त्याचीही बायकापोरं आहेत, आता त्याला कुठल्या तोंडाने नको म्हणू, असं म्हणाला. ताईने आणखी दोन ठिकाणी फोन केले. एकीकडे वय जास्त होतं, दुसरीकडे कळवतो म्हणाले.

तेव्हा तिला मदतनिसाची जागा आठवली. आठवली असंही नाही. सकाळपासून तीच एक गोष्ट ती मनाच्या मागे ढकलत होती.

"मला वर घेऊन चल," ती ताईला म्हणाली.

"काकू, वर नका जाऊ. साहेबांना हे कळलं तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे."

"ते बाहेर बाकड्यावर बसलेत, डबा घेऊन. त्यांच्या समोरून मी घरी कशी जाऊ?"

मोठे साहेब वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि पूर्ण ऐकून घेतलं. ती म्हणाली, माझ्या चुकीने एका माणसाचं छप्पर गेलं. माझ्यासाठी जी जागा धरलीय ती त्यांना द्या. त्यांना माणसांशी बोलता येतं, माझ्याहून चांगलं.

साहेब बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिले. "त्या जागेला शाळेची शेवटची परीक्षा पास लागते, बाई. तुमची आहे. त्यांची नाही." मग म्हणाले, "आणि एक उमेदवार दुसऱ्या उमेदवाराच्या मुलाखती घेतो, नोकरी दिली म्हणून सांगतो, हे मला ठाऊकच नव्हतं. ताईंनी चांगल्या हेतूनेच केलं असेल. पण आता मला कळलंय. कळल्यावर मी ते चालू कसं ठेवू?"

"त्यांना 'या' म्हटलं ते मी खोटं नाही बोलले, साहेब."

"खरं बोललात म्हणूनच अडचण झालीय."

सरावाची खोली त्या दिवसापासून बंद झाली. खोलीच बंद, तर खोलीचा मदतनीस कशाला. ताई जिन्यात रडली. तिचे डोळे पुसायला काकूंनी पदर पुढे केला, आणि आपल्या डोळ्यांत का पाणी येत नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

तो अजून बाकड्यावर होता. तिने त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, जणू वरच्या मजल्यावरून लिफ्ट रिकामी परत येणं त्याला नवीन नव्हतं.

"घरी जायला हवं," तो म्हणाला, पण उठला नाही. "तिला काय सांगू?"

"मी येते," ती म्हणाली. "मी म्हटलंय, तर मलाच सांगू द्या."

वखार गावाबाहेर होती. दोघं चालत गेली. वाटेत रस्ता ओलांडताना तो हात आडवा धरून तिला आधी पुढे जाऊ द्यायचा. फाटकातून आत शिरताच भुशाचा वास आला. पत्र्याच्या खोलीपुढे गाठोडी ओळीने मांडली होती, सगळ्यांत वर पुसून लख्ख केलेला कंदील. खाटेच्या कडेवर नवा राखणदार अवघडून बसला होता. त्याची बायको बाहेरच उभी होती, आत यावं की नाही ते न कळून.

लिफ्टवाल्याची मंडळी म्हणजे चिमणीएवढी बाई. बोलताना दर दोन शब्दांनी श्वास घेत होती. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे, आणि लगबगीने गाठोडं सोडून पेला काढला.

"तुम्हीच का त्या मॅडम? बसा. घरापर्यंत आलात. हे सांगत होते, किती शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून. कोणी ऐकत नाही हो यांचं. सगळ्यांना पोचायची घाई." तिने पाणी पुढे केलं. "नव्या ठिकाणी भुसा नाही ना?"

पेला हातात धरूनच हिने सांगितलं. उभ्यानेच. सराव, खुर्ची, ठरवून दिलेलं वाक्य, आणि वरच्या साहेबांकडची गोष्ट. नवा राखणदार खाटेवरून उठून बाहेर गेला.

बाईला पहिल्यांदा नीटसं उमगलं नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभा होता, दाराकडे तोंड करून.

"म्हणजे विचारलं ते सगळं खरं होतं?" तिने विचारलं.

"प्रश्न खरे होते."

"आणि यांनी उत्तरं बरोबर दिली?"

"इतकी चांगली उत्तरं मी कोणाचीच ऐकली नाहीत."

बाईने श्वास घेतला. "मग घेतलं का नाही?"

ती विचारून गप्प बसली. रागाने नाही. उत्तर असणारच, आणि हिला ते ठाऊक असणार, अशा नजरेने हिच्या तोंडाकडे बघत राहिली. मागे करवत सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. हिने पेन्सिल लोळवून किती जणांना असं गप्प राहून बघितलं होतं. तेव्हा प्रत्येकाने काही ना काही सांगितलं होतं. हिला एक शब्द सापडला नाही. मनात देवाचं नाव घेतलं, तर पुढे काय मागायचं तेही सुचेना.

"भावाकडे जाऊ थोडे दिवस," शेवटी बाईच म्हणाली, आणि पेला परत घेतला. "वहिनी बोलेल. बोलू दे."

हातगाडी मिळाली. काकूंनी दोन गाठोडी उचलली, नव्या राखणदाराच्या बायकोने न सांगता तिसरं उचललं. जाताना बाई खोलीकडे वळून बघायला थांबली, आणि तिथेच उभी राहिली. ज्या खोलीत तिला कधी धड श्वास घेता आला नव्हता, तिच्यातून तिचा पाय निघेना.

तो फाटकाशी उभा होता, गणवेशात, एक हात लोखंडावर ठेवून. त्याने तिला चल म्हटलं नाही. ती आपण होऊन बाहेर येईपर्यंत थांबला, आणि मग फाटक ओढून घ्यायला लागला. अगदी हळू.